खंडेनवमीला घासलेले बिल्ले

गोऱ्या पलटणींच्या टोप्यांवरचे पितळी बिल्ले मी जमवते, असं सांगितलं की माणसं आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे तुमचे मिस्टर फौजेत होते का?" नव्हते. आमचे हे शाळामास्तर होते, आणि दिवाळीतल्या टिकल्यांपलीकडे बंदुकीचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. वडील, भाऊ, दीर, कुणाचाच फौजेशी संबंध नाही. बिल्ले माझे आहेत, चौदा वर्षांची असल्यापासून मी ते जमवलेत. आज इकडच्या कुणा जाणकारानं एखादा बिल्ला हातात घेऊन डोकं खाजवलं, की दुसरा त्याला सांगतो, हैदराबादच्या बाईंना दाखव. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. या वयात खोटा विनय कुणासाठी करायचा?

दिलसुखनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बैठकीची एक अख्खी भिंत या बिल्ल्यांनी अडवली आहे. खालच्या मजल्यांवर कोचिंग क्लास आहेत, दिवसभर पोरांची जिन्यात धडधड चालते. माझी नात फटाफट मराठी बोलते, मध्येच तेलुगू, मध्येच "हौ, हौ" करत दखनी, पण छापलेलं मराठी पुढे ठेवलं की पहिल्याच जोडाक्षराला तिची गाडी अडते. "आजी, तू लिही आणि वाचून दाखव, मी ऐकते," असं ती म्हणाली, म्हणून हे लिहायला बसले. भिंतीवर मधोमध एक पाटी आहे, तिच्यातले बिल्ले बाकीच्यांपेक्षा जास्त चकचकीत आहेत आणि त्यांच्या कडा झिजल्या आहेत. नातीला आजवर त्यांची गोष्ट मी नीट सांगितलेली नाही, कारण त्या गोष्टीत सुरुवातीला मी फार वाईट वागले आहे.

तेव्हा आम्ही काचीगुड्याला राहायचो. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण आणि अंगणात एक नळ. सकाळ त्या नळानंच सुरू व्हायची. बादली भरल्याचा आवाज, पाठोपाठ आईच्या हातातल्या भांड्यांचा. आई पितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासायची, आणि घासताना तोंडानं नव्हे तर बांगड्यांनी बोलायची. चिडली असली की बांगड्या भराभर वाजायच्या, खुशीत असली की ठेक्यात. शेजारी तेलुगू कुटुंब होतं. त्यांची सुशीलम्मा दारात पाणी शिंपडून मुग्गू घालायची, म्हणजे रांगोळीच, पण आपल्यापेक्षा ऐसपैस. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी व्हायची, तिच्याकडे तीच भाजी गोंगुरा म्हणून व्हायची, आणि दोन्ही घरच्या वाट्या कुंपणावरून इकडेतिकडे जायच्या. रविवारी मात्र खिचडी आणि खट्टा. चिंच आणि तिळाचा तो खट्टा आई असा करायची की दादा, म्हणजे माझे वडील, ताट निरपून पुसल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "बरं झालंय." याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे. ते आबिड्सला एका कचेरीत कारकून होते, दिवसभर साहेबांची मर्जी सांभाळून दमून यायचे आणि घरात शब्द जपून वापरायचे.

आई परभणीकडच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरी शेजारचं घर तांबटाचं होतं. लहानपणी ती दिवसचे दिवस त्या घरात पडीक असायची, भाता ओढायची, पत्रा ठोकून घागरीचं पोट कसं फुगवतात ते बघत बसायची. शाळेत गेली ती दोन यत्ता. पण पितळ, तांबं, कासं यातलं तिला जे कळायचं ते बेगम बाजारातल्या दुकानदारांनाही कळत नव्हतं, हे मी आज छातीठोक सांगते. तेव्हा मात्र मला वाटायचं की आईला फक्त भांडी घासता येतात.

बेगम बाजारात आम्ही वर्षातून दोनदा जायचो, मोड घेऊन. घरातली फुटकी, गळकी भांडी जमवायची, दुकानात मोडीत घालायची आणि त्या बदल्यात नवं भांडं आणायचं. माझ्या लग्नात द्यायची भांडी आई अशी एकेक करून गोळा करत होती; मी पाळण्यात असतानाच तिनं पहिला तांब्या घेतला होता म्हणे. आमचं दुकान ठरलेलं, लच्छूशेठचं. आई नवं भांडं कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवायची, आतून कडेवर अंगठ्याचं नख फिरवायची, आणि दहातली नऊ भांडी "नको" म्हणून मागे सारायची. लच्छूशेठ वैतागून म्हणायचा, "अम्मा, शादी बर्तन की है क्या बेटी की?" असाच एकदा हा घोळ चालला असताना मी दुकानाच्या मागच्या बाजूला वितळवायच्या पितळेच्या ढिगाशी उकिडवी बसले होते. तुटक्या समया, नळाच्या तोट्या, कुलुपं, आणि त्यांत तो. रुपयाहून थोडा मोठा, मध्ये शिंग, शिंगाला दोरीची गाठ, वर मुकुट. पाठीला दोन कड्या. ढिगातून काढून हातात धरला आणि मला तो सोडवेना. लच्छूशेठ म्हणाला, "गोरे की टोपी का है, बेटी. तिरुमलगिरी, बोलारम से आता ये माल. गलाने का. लेना है तो ले."

तिथून मला वेड लागलं. छावण्यांतून गोरे गेले तेव्हा त्यांच्या खानसाम्यांच्या, धोब्यांच्या, शिंप्यांच्या घरांत हे बिल्ले राहिले होते आणि आता दोन-दोन, चार-चार करत मोडीत येत होते. माझ्या तावडीत सापडले तेवढे भट्टीतून वाचले. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथं मला एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं, त्यात बिल्ल्यांची चित्रं होती. दर्शनी बाजूची, बरं का. बिल्ल्याची पाठ त्या पुस्तकानं कधी दाखवली नाही. इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी नावं ठेवली. शिंगवाला, किल्लेवाला, हरीणवाला. जळत्या बाँबगोळ्याचा एक होता, त्याला शेंडीवाला नारळ. सिंहाचं धड आणि बाईचं तोंड असलेला एक होता, त्याला नुसतंच बाई. मैत्रिणी रिबिनी आणि सिनेमातल्या नट्यांचे फोटो जमवायच्या आणि मला हसायच्या. हसू देत, मी म्हणायचे. दोन वर्षांत माझ्याकडे पन्नासच्या वर बिल्ले झाले.

आणि मग वाघ आला. आबिड्सच्याच फुटपाथवर एक जुनी घड्याळं आणि नाणी विकणारा बसायचा. त्याच्याकडे वाघवाला बिल्ला होता, पुस्तकात ज्याच्या चित्राखाली 'दुर्मीळ' लिहिलं होतं तोच. पानांच्या माळेत उभा वाघ, शेपूट वर. मी तीन रविवार त्याच्यापुढे उभी राहिले. चौथ्या रविवारी तो म्हणाला, "तेरे पास के ग्यारह दे, ये ले जा." मी अकरा दिले. निवडून, चांगले चांगले दिले. वाघ मुठीत धरून मी आबिड्सपासून काचीगुड्यापर्यंत चालत आले. बसमध्ये कुणी तो चोरेल अशी मला भीती वाटत होती.

दादांना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. ते ओरडले नाहीत, पण त्या वर्षी श्रावणात एक दिवस जेवताना म्हणाले, "शकू, एवढं पितळ पडून आहे. दसरा झाला की मोडीत घाल. त्यात तुझ्या लग्नाची एक कळशी होईल." शाळेत नुकतंच कळलं होतं की सिकंदराबादेत विद्यार्थ्यांच्या छंदांचं प्रदर्शन भरणार आहे, दसऱ्यानंतरच्या रविवारी, आणि फौजेतून निवृत्त झालेले एक मेजर परीक्षक आहेत, जे स्वतः असले बिल्ले जमवतात. मी हिय्या करून ते सांगितलं. दादांनी पाणी प्यायलं, विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पहिलं बक्षीस आणलंस तर ठेव. नाही तर कळशी." दादा एकदा बोलले की बोलले. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं पुजतात. गावाकडे नांगर, कोयता पुजायचे. शहरात विळी, कातरी, हातोडी, दादांचं पेन, शिवणाचं मशीन. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून लख्ख करायचं. त्या आदल्या दिवशी, अष्टमीला, सुशीलम्माकडे मोठी बतुकम्मा होती, फुलांचा थरांवर थर रचतात ती. तंगेडूची पिवळी फुलं रचायला मी दुपारपासून तिच्या ओसरीवर बसले होते, नंतर बायकांबरोबर टाळ्या वाजवत फेर धरला, आणि घरी आले ती जेवून झोपलेच. सकाळी अंघोळ करून देवापुढे गेले तर पाटावर विळी, कातरी, पेन, आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडलेले माझे सगळे बिल्ले. सोन्यासारखे झळझळत होते. एकेकाला हळदकुंकू. बाईच्या तोंडाच्या सिंहाला तर जास्तीचं फूलही वाहिलं होतं.

"बघ," आई म्हणाली. इतकी खुशीत मी तिला क्वचित पाहिलं असेल. "म्हटलं, शिपायांच्या डोक्यावरचं आहे, म्हणजे हत्यारच की. काल दुपारभर घासत होते. ती बाई कुठली देवी गं? सिंहावर नाही, सिंहातच बसलीय."

जे बिल्ले जमवत नाहीत त्यांना यात काय बिघडलं ते कळणार नाही, म्हणून सांगते. जुन्या पितळेवर वर्षानुवर्षांनी एक काळपट तपकिरी रंग चढतो. जाणकार माणूस तो रंग जिवापाड जपतो. तो गेला की बिल्ल्याचं वय गेलं. आणि माझा पहिला, तो शिंगवाला, तर मुळातच काळा होता. त्या पलटणीचे शिपाई आडोशाला लपून गोळ्या झाडायचे, उन्हात काही चमकू नये म्हणून त्यांचे बिल्ले मुद्दाम काळे केलेले असत. आईला वाटलं, चुलीची काजळी आहे. तिनं चिंच लावून, राख लावून, विटकरीची पूड लावून तो काळा रंग उतरवला होता. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला, हे तिनं मला कौतुकानं सांगितलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. "तुला काय कळतं? तुला भांडी घासण्यापलीकडे काय येतं?" हे मात्र बोलले, ते आठवतं. देवापुढे बोलले. आईच्या हातात निरांजन होतं, ते तिनं खाली ठेवलं. ती रागावली नाही, रडली नाही. मी बिल्ले ओरबाडून डब्यात भरायला लागले तेव्हा हळू आवाजात एवढंच म्हणाली, "सगळे घासले. पण एक सांगू? तो वाघ यांच्यातला नाही. बाकीचे ठोकीव आहेत, तो ओतीव आहे." मी म्हटलं, सगळ्यांची वाट लावलीस ती लावलीस, वर माझ्या वाघाला नावं ठेवतेस? त्या दिवशी पुरणपोळी होती. मी जेवले नाही. दादा दोघींकडे बघून पेपर वाचत बसले.

मागच्या महिन्यात पुण्याहून इथं नोकरीला आलेला एक सॉफ्टवेअरवाला तरुण माझा संग्रह बघायला आला होता. हुशार पोरगा, पण स्वतःच्या हुशारीवर फार खूश. मधल्या पाटीपाशी थांबून म्हणाला, "काकू, हे कुणी घासले? किती नुकसान झालंय." मी त्याला चहा दिला. त्याच्या वयाची असताना, त्याहून लहान असताना, मी स्वतःच हे वाक्य चौघांत ऐकलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी नळापाशी बसून बिल्ले पाटीवर लावत होते. पुठ्ठ्यावर लाल खणाचं कापड चढवलं होतं. प्रत्येक बिल्ला उलटा करून त्याच्या कड्या कापडातून ओवून मागून पिन अडकवायची होती, त्यामुळे दोन वर्षांत पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या पाठी एकापाठोपाठ एक बघितल्या. पाठी आईनं घासल्या नव्हत्या, कड्या तुटतील म्हणून. प्रत्येक पाठ पोकळ होती. पुढे जिथं शिंग वर आलेलं तिथं मागे शिंगाचा खळगा, पुढे किल्ला तर मागे किल्ल्याचा खळगा, कारण पातळ पत्रा ठशावर दाबून ते केलेले होते. मग वाघ उलटा केला. त्याची पाठ सपाट आणि भरीव. अंगावर रवाळ टिपके, वाळूत ओतलेल्या पितळेवर राहतात तसले. हातात जड. खरा बिल्ला वाळूत दाबून, त्या साच्यात पितळ ओतून, कुणीतरी बेगम बाजारातल्या कुठल्यातरी भट्टीवर तो केला होता आणि मी त्याच्यासाठी माझे अकरा खरे दिले होते. आईला एकदा हात लावल्यावर जे कळलं ते मला दोन वर्षं पुस्तक वाचून कळलं नव्हतं.

आणि तरी मी तो पाटीच्या मधोमध लावला. माहीत असून लावला. बाकीचे घासलेले, त्यांच्या जोरावर बक्षीस मिळायचं नाही, आणि बक्षीस नाही म्हणजे सगळेच भट्टीत. आई दारात उभी राहून बघत होती. मी वाघ कुठं लावला ते तिनं पाहिलं, मी त्याची पाठ बघितली तेही पाहिलं. मग ती डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरून माझ्याबरोबर निघाली. दादांना रविवारीही कचेरीत बोलावलं होतं.

प्रदर्शनाचा हॉल मोठा, त्यात टेबलं मांडलेली. कुणाची पोस्टाची तिकिटं, कुणाची फुलपाखरं, एका मुलानं काडेपेट्यांचा अख्खा राजवाडा केला होता. एका कोपऱ्यात काचेच्या झाकणाच्या पेटीत मेजरसाहेबांचे स्वतःचे बिल्ले, पाहुण्यांना बघायला. मी माझ्या टेबलामागे, आणि माझ्यामागे भिंतीशी आई, डबा दोन्ही हातांत धरून. मेजरसाहेब आले, उंच, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. पाटी बघताच खूश झाले. "लडकी ने जमा किये? शाबाश." मग खाली वाकले आणि चेहरा पडला. काळ्याचा पिवळा झालेला शिंगवाला त्यांनी ओळखला. "ये किसने साफ किया? किस जाहिल ने?"

मागे बघायची गरज नव्हती. आईच्या बांगड्या जरा वाजल्या आणि थांबल्या, तेवढ्यावरून कळलं की तिनं पदर पुढे ओढला असणार. मेजरसाहेबांची नजर मग मधोमध गेली. "अरे वा," ते म्हणाले. वाघापाशी नाक नेऊन त्यांनी तो मिनिटभर न्याहाळला. बरोबरच्या माणसाला सांगितलं की असा वाघ त्यांना स्वतःला आजवर मिळाला नाही, बाकी काही असो, या एका बिल्ल्यावर पहिला नंबर द्यावा लागेल. त्या माणसानं वहीत पेन टेकवलंसुद्धा.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईला खरं कळलं तिला हे जाहिल, म्हणजे अडाणी, म्हणतात, आणि ज्याला मुकुट चढवतात तो भट्टीतला नकली वाघ. आणि हे मी उघड्या डोळ्यांनी होऊ देत होते. कळशी डोळ्यांपुढे आली, पाटीवरचे सगळे बिल्ले लच्छूशेठच्या मुशीत विरघळताना दिसले, सगळं दिसलं. तरी तोंड उघडलंच. "साहेब, तो वाघ खोटा आहे," मी म्हणाले, आधी मराठीत, मग हिंदीत. "वो असली नै है. ओतीव है. मेरी माँ ने पहचाना. और सब जिसने घासे, वो भी मेरी माँच है."

मेजरसाहेबांना वाटलं पोरगी बावरली. त्यांनी मान हलवली, हसले, आणि म्हणाले की तीस वर्षं ते हे बघतायत. मी पाटी उलटी करून वाघाची आणि किल्लेवाल्याची पिन ओढली आणि दोन्ही आईपुढे धरले. आईनं डबा खाली ठेवला. मग ती पुढे आली, एका हातात वाघ, दुसऱ्यात किल्लेवाला घेतला, दोन्ही तोलले, आणि किल्लेवाला दगडी फरशीवर बेतानं टाकला. तो टण्ण करून नाचला. वाघ टाकला, तो ठद्द करून जिथल्या तिथं बसला. "ये ठोक्या हुआ," आई म्हणाली, "ये ओत्या हुआ. मूँ तो सबका अच्छाच दिखता, साब. पीठ देखो."

मेजरसाहेबांनी पाठ बघितली. खिशातून भिंग काढून बघितली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. माणूस मात्र सच्चा, हे मी आजही म्हणेन. एका शब्दानं वाद न घालता ते कोपऱ्यातली आपली काचेची पेटी घेऊन आले, झाकण उघडलं आणि आईपुढे ठेवून म्हणाले, "माँजी, ज़रा ये भी." आजूबाजूची टेबलं सोडून लोक जमले. आई खाली मांडी घालून बसली, कारण उभ्यानं तिला कुठलंच काम सुचत नसे, आणि एकेक बिल्ला उचलायला लागली. वाजवायचीही गरज पडली नाही. कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायची, उलटा करायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. कुणीतरी मेजरसाहेबांना चहा आणून दिला तोवर डावीकडे पाच बिल्ले जमले होते. पाचांतला एक त्यांचा फार लाडका असावा, कारण तो डावीकडे गेल्यावर त्यांच्या तोंडून "ये भी?" असं निघालं. आई म्हणाली, "हौ, साब. ये भी." माझी आई, दोन यत्ता शिकलेली, फरशीवर मांडी घालून, आणि भोवती सिकंदराबादचे सगळे साहेब वाकून उभे. त्या दिवसाचा अभिमान मला आज इतक्या वर्षांनीही पुरतो आहे.

पहिलं बक्षीस काडेपेट्यांच्या राजवाड्याला मिळालं, आणि ते बरोबरच होतं. मेजरसाहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं की मग चेहरा एवढासा का, तेव्हा मी दादांची अट सांगितली. त्यांनी दादांच्या नावे, हे बिल्ले मोडीत घालू नका, अशी एक चिठ्ठी लिहून दिली. दादांनी ती घरी दोनदा वाचली आणि म्हणाले, "पण अट म्हणजे अट." तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहून बोलली, "अहो, कळशीवाचून कुणाचं लग्न अडत नाही. त्यातलं काही मोडीत जाणार नाही." दादांनी चिठ्ठीची घडी घातली. बिल्ले राहिले. पुढे वीस-बावीस वर्षं सिकंदराबादेहून माणसं आपापले बिल्ले रुमालात बांधून आईकडे घेऊन यायची, आणि शेजारी बसून तिच्या अंगठ्याकडे बघत बघत मी शिकले. पण मला शेवटी सांगायचं आहे ते घरी पोचायच्या आधीचं, परतीच्या बसमधलं.

बस भरलेली होती, आम्हाला मागची सीट मिळाली होती. पाटी माझ्या मांडीवर, मधोमध वाघाच्या जागी नुसतं लाल कापड. डबा तसाच भरलेला, जेवायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ते तुला बक्षीस देतच होते."

"हो."

"गप्प बसली असतीस तर मिळालं असतं. मी काही बोलणार नव्हते."

"माहीत आहे मला."

"मग?"

मी पाटीकडे बघत होते, तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. "तुझं खरं होतं, आई," मी म्हणाले. "मी चुकले."

एक स्टॉप गेला, दुसरा गेला. आमच्या घरात आईला तिचं खरं आहे असं कुणी म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, दादांनी नाही, आजोबांनी नाही, मी तर नाहीच. आणि हे माझ्या तेव्हाच पहिल्यांदा लक्षात आलं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीकडे बघतच म्हणाली, "परत म्हण."

मी परत म्हटलं, मोठ्यानं, पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघेपर्यंत.